नुरा कुस्ती आणि मुष्टियुद्ध

रोलाँ बार्थचा कुस्तीवरील निबंध शिकवताना आम्ही अध्यापक मंडळी फळ्यावर दोन रकाने आखतो. एकात कुस्ती, म्हणजे देखावा. दुसऱ्यात मुष्टियुद्ध, म्हणजे खरी स्पर्धा. (बार्थची कुस्ती पॅरिसच्या दुय्यम सभागृहांतली, कोल्हापूरच्या तांबड्या मातीशी तिचा संबंध नाही, हे दर वर्षी सांगावे लागते.) 'मिथॉलॉजीज'मध्ये (१९५७) त्याने दिलेला एक निकष असा, की मुष्टियुद्धाच्या निकालावर पैज लावता येते, कुस्तीच्या निकालावर लावण्यात अर्थ नसतो.

हा निकष आम्हांला उलटा वाटतो. जिथे पैज लागते तिथेच निकाल आधी ठरवण्यात कुणाचे तरी हित असते. 'नुरा कुस्ती' हा नेमका शब्द आपल्यापाशी असताना तो मुष्टियुद्धाला लावायला आपण का कचरतो?

१४ नोव्हेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जेक लामोटा चौथ्या फेरीत बिली फॉक्सकडून हरला. आपण ती लढत मुद्दाम हरलो, असे त्याने १९६० साली अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे कबूल केले. तो पैशासाठी हरला नव्हता. त्याला जगज्जेतेपदाच्या लढतीची संधी हवी होती, आणि ती मिळवून देणे गुन्हेगारी टोळ्यांच्या हाती होते. जून १९४९ मध्ये ती मिळाली, आणि डेट्रॉइटला मार्सेल सेर्दांला हरवून तो जगज्जेता झालाही. म्हणजे योग्यता होतीच. योग्यतेने दार उघडत नव्हते. तरीही स्कॉर्सेसीच्या 'रेजिंग बुल'वर (१९८०) बोलताना आम्ही लामोटाचा अपराधगंड आणि आत्मक्लेश यांतच रमतो. त्या दारांच्या किल्ल्या बाळगणारा फ्रँकी कार्बो, ज्याला १९६१ साली २५ वर्षांची शिक्षा झाली, आमच्या टिपणांत येतच नाही.

'तो खरेच पडला, की पडल्याचे सोंग केले?' हा प्रश्न म्हणूनच भाबडा आहे. तो रिंगणाकडे टक लावून बसतो. ठरवाठरवी रिंगणाबाहेर, लढती जुळवणाऱ्याच्या टेबलावर होते. कधी कधी तर नुसत्या कागदावर होते. एबीसी दूरचित्रवाणीने भरवलेली अमेरिकन विजेतेपदाची स्पर्धा १९७७ साली अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण 'द रिंग' मासिकाच्या नोंदींत काही खेळाडूंच्या नावे कधी न झालेल्या लढती चढवल्या गेल्या होत्या. एकही ठोसा न मारता केलेली, निव्वळ लेखनातली ही लबाडी. साहित्याच्या विद्यार्थ्याचे लक्ष इथे जायला हवे.

यावर आक्षेप येईल, की विषम लढत म्हणजे ठरवलेली लढत नव्हे. कायद्याने नव्हेच. पण शोकांतिकेचा शेवट आधीच लिहिलेला असूनही तिच्यातली झुंज खोटी ठरत नाही, हे आम्हीच शिकवतो ना? मग नाकातले रक्त खरे आणि निकाल मात्र आधीचा, हे एकत्र नांदू शकते, एवढे मान्य करायला अडचण कसली?

बर्मिंगहॅमचा पीटर बकली १९८९ ते २००८ या काळात ३०० व्यावसायिक लढती लढला आणि त्यांतल्या २५६ हरला. त्याच्या सचोटीबद्दल आम्हांला यत्किंचितही शंका नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे. ब्रिटनमधल्या छोट्या कार्यक्रमांत घरचा होतकरू खेळाडू मित्रांना, नातलगांना तिकिटे खपवतो आणि त्या विक्रीतून पाहुण्या खेळाडूचे मानधन निघते. पाहुणा वरचेवर जिंकू लागला, की त्याला बोलावणी येईनाशी होतात. कोणी कोणाच्या कानात काही सांगत नाही, पाकिटे हातोहात जात नाहीत, आणि तरी संध्याकाळचा निकाल बहुतेकांना दुपारीच ठाऊक असतो.