व्यायाम करा, पण फरशी सांभाळून!

वाचकहो, आज एका साध्या घरगुती गोष्टीविषयी लिहितो आहे. साधी असली तरी तिच्यापायी आमच्या पारगावच्या घरात आठवडाभर अबोला होता.

मे २०२२ मध्ये वडगाव मावळच्या हर्षदा गरुड हिने ग्रीसमध्ये ज्युनिअर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत ४५ किलो गटात एकूण १५३ किलो वजन उचलून सुवर्णपदक पटकावले. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय. आपल्याच पुणे जिल्ह्यातली मुलगी! आमच्या धाकटीने तेव्हापासून ध्यास घेतला. मीही हौसेने जुना बार आणि लोखंडी प्लेटा आणून दिल्या. पुढच्या खोलीत सराव सुरू झाला.

एका संध्याकाळी ४० किलोचा बार तिच्या हातून सुटला आणि दोन टाइल्स तडकल्या. फंडातून पैसे काढून बसवलेली ती फरशी! आई म्हणाली, "आमचा जन्म शेणानं सारवण्यात गेला. आता कुठं फरशी आली, तर तीही फोडली." मी रागाच्या भरात सगळी वजने पलंगाखाली सारली.

मुलीने एवढेच विचारले, "पप्पा, दादाच्या चेंडूनं काच फुटली, तेव्हा त्याचं क्रिकेट बंद केलं होतं का?"

मला उत्तर देता आले नाही. रागाला निमित्त फरशीचे होते, पण बंदी पडली ती मुलीच्या व्यायामावर. म्हणून गवंड्याला आणि सुताराला विचारून जे शिकलो, ते येथे देतो.

फरशी नुसत्या वजनाने फुटत नाही, आदळण्याने फुटते. सगळा मार प्लेटेच्या कडेखालच्या बोटभर जागेवर बसतो. टाइलखाली माल नीट भरला नसेल, तर ती लगेच तडकते. नाण्याने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तेथे सराव नको. पडवीतला किंवा ओट्यावरचा पक्का कोबा सर्वांत बरा.

त्यावर लाकडी पाट करावा. आठ बाय चार फुटांचा, पाऊण इंच जाडीचा प्लाय खाली अंथरावा. त्यावर मधोमध, म्हणजे उभे राहण्याच्या जागी, दुसरा प्लाय स्क्रूने बसवावा. दोन्ही बाजूंना, जेथे प्लेटा टेकतात तेथे, तेवढ्याच जाडीची रबरी मॅट घालावी. आपल्या भागात दुधाचा धंदा घरोघर आहे. गोठ्यात जनावरांच्या पायाखाली घालतात ती मॅट येथे उत्तम चालते. पुरुषांचा २० किलोचा बार सव्वासात फूट लांब असतो आणि महिलांचा १५ किलोचा साडेसहा फूट, म्हणून आठ फूट लांबी पुरते.

पायाखाली गादी किंवा सतरंजी घालू नये. पाय डगमगतो आणि घोटा मुरगळतो. रबर थेट टाइलवर ठेवल्यास काळे डाग पडतात, म्हणून मध्ये प्लाय हवाच. पावसाळ्यात दर आठवड्याला पाट उचलून खालची जागा पुसून कोरडी करावी, नाहीतर ओल धरते आणि वाळवी लागते.

माडीवर किंवा चाळीत राहणाऱ्यांनी अधिक जपावे. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधतात. वजन वरून टाकले की धक्का त्याहून मोठा बसतो आणि खालच्या बिऱ्हाडाची झोप उडते ती वेगळीच. तेथे डंबेल्सचा हलका व्यायाम करावा, जड वजन तळमजल्यावर न्यावे. लोखंडी किंवा सिमेंटच्या प्लेटा कधीच वरून सोडू नयेत. त्या हाताने सावकाश खाली टेकवाव्यात. वरून सोडण्यासाठी जाड रबरी प्लेटा वेगळ्या मिळतात.

आमच्या घरी आता पडवीत पाट आहे. तडकलेल्या दोन टाइल्स तशाच आहेत. बदलू म्हटले तर आईच नको म्हणते. रोज संध्याकाळी तीच पडवीत बसून नातीचे आकडे मोजते.

पालकहो, फरशी कष्टाची आहे, ती जरूर जपा. पण फरशी पुन्हा बसवता येते. मुलीची मोडलेली उमेद मात्र कोणताही गवंडी बसवून देत नाही.