रातकिडा घरात की कानात?

अकोल्याचा उन्हाळा सरतो, कूलर बंद होतात आणि पावसाळा स्थिरावला की जठारपेठेतील घरांतून वडीलधाऱ्यांची एक तक्रार ऐकू येते : ‘‘रातकिडा झोपू देत नाही.’’ ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. मात्र फवारा हाती घेण्यापूर्वी आवाज कोठून येतो, हे पाहावे.

किरकिर करतो तो केवळ नर. एका पंखावरील दातेरी शीर दुसऱ्या पंखाच्या कडेवर घासून तो मादीला साद घालतो. शरीराच्या मागील टोकाच्या दोन केसाळ शेपट्यांनी त्याला हवेची किंचित हालचालही कळते. म्हणून पाऊल जवळ येताच तो गप्प होतो. हीच आपली कसोटी. घरातील तरुणाने दिवा लावून खोलीत फिरावे. आवाज थांबला, तर किडा घरात आहे.

वाढत्या वयात प्रथम उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे खरा रातकिडा नातवाला आधी ऐकू यायला हवा. तो आजोबांनाच ऐकू येत असेल आणि कोणत्याही खोलीत सारखाच राहत असेल, तर तो कर्णनाद असण्याचा संभव आहे. त्यामागे कानातील मळ, वयोमानाचे बहिरेपण किंवा एखादे औषधही असू शकते. औषध मनाने बंद करू नये; डॉक्टरांना विचारावे. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर येत असेल किंवा अचानक ऐकू येणे कमी झाले असेल, तर त्वरित कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

किडा घरातच असेल, तर भिण्याचे कारण नाही. तो माणसाला सहसा चावत नाही. लोकरी व खळ दिलेले कपडे आणि कागद मात्र कुरतडतो. ओल, अंधार आणि फटी हे त्याचे आश्रय. कूलरमधील पाणी काढून गवत उन्हात वाळवावे, कपाटामागील रद्दी हलवावी, दाराखालची फट बुजवावी. दारावरील पांढऱ्या दिव्याऐवजी पिवळा लावावा. उथळ भांड्यात गुळाचे पाणी घालून भिंतीशी ठेवावे. किडे त्यात पडतात. भांडे जाण्यायेण्याच्या वाटेत मात्र नको.

बंद खोलीत विषारी फवारा मारू नये. दम्याच्या रुग्णाला तो किड्यापेक्षा अधिक बाधतो. रात्री अंधारात किडा शोधण्यासाठी वृद्धांनी उठू नये. रातकिडा सकाळीही सापडतो. पडून मोडलेले खुब्याचे हाड महिनोन्‌महिने अंथरुणास खिळवते.