माजघरांत जाण्यापूर्वीं

आमच्या बालपणीं घरांतील वडील माणसें बाहेरून आलीं म्हणजे ओटीवर पाऊल ठेवतांच एकदां खाकरत. तें खाकरणें घशासाठीं नसे, हें आम्हां मुलांसही ठाऊक होतें. माजघरांत लेकीसुनांची वेणीफणी चाललेली असावयाची, कोणी कामाच्या रगाड्यांतून घटकाभर आडवी झालेली असावयाची. त्यांना सावरून बसण्यास अवधि मिळावा, एवढाच त्याचा हेतु. गेल्या माघांत काशीस असतां या रीतीची आम्हांस पुन्हां आठवण झाली, आणि ती झाली एका यंत्रामुळें!

आमच्या घरीं संगणक एकच. नातवाचा अभ्यास, सूनबाईचें कामकाज आणि आमचें हें मासिक लेखन, सर्व त्यावरच चालतें. आम्ही प्रवासास निघण्यापूर्वीं तो संगणक आमच्या मोबाईलवरून वापरतां यावा, अशी योजना नातवानें करून दिली. यांतील तत्त्व सोपें आहे. संगणक घरींच राहतो. प्रवास करतें तें त्याच्या पडद्याचें प्रतिबिंब. येथें आपण बोट फिरवावें, तेथें बाण फिरतो. तेथें जें दिसतें, तें क्षणार्धांत येथें दिसतें. संजयास दिव्यदृष्टि होती, परंतु कुरुक्षेत्रावरील रथ हलविण्याची शक्ति नव्हती. येथें दोन्ही मिळतात.

विंडोजमध्यें ही सोय मुळांतच आहे, परंतु ज्या संगणकांत शिरावयाचें त्यावर ‘प्रो’ आवृत्ति लागते, आमच्याकडे ‘होम’. म्हणून नातवानें गूगलचें विनामूल्य ‘क्रोम रिमोट डेस्कटॉप’ बसविलें. त्यास निदान सहा अंकांची गुप्त संख्या द्यावी लागते. आमची जन्मतारीख घालावी असें आम्हीं सुचविलें, त्यावर त्यानें आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें, त्या दृष्टीनें आम्ही एके काळीं धातुरूपें चुकणाऱ्या विद्यार्थ्यांकडे पाहत असूं. असो.

या योजनेंत घरचा संगणक स्वतःच बाहेर संपर्क राखतो. राउटरला बाहेरून वाट पाडावी लागत नाहीं. कित्येक हौशी लोक विंडोजच्या त्या सोयीचें ३३८९ क्रमांकाचें द्वार इंटरनेटकडे सताड उघडें ठेवतात, तें मात्र सर्वथा टाळावें. तेथें चोरांची थाप अहोरात्र पडत असते. २०१९ सालीं त्या सोयींत ‘ब्लूकीप’ नांवाचें असें छिद्र सांपडलें कीं, ज्या विंडोज एक्सपीची सेवा २०१४ सालींच बंद झाली होती, तिच्यासाठींही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली.

शिवाय संगणकास झोपूं देतां कामा नये. पडदा विझला तरी चालतो. पण यंत्र निद्रिस्त झालें कीं काशीहून मारलेली हांक तेथें पोंचत नाहीं. वीज जाऊन परत आली तरी तें बहुधा बंदच राहतें. अशा वेळीं कळ दाबावयास घरीं कोणी तरी असणें, हा एकत्र कुटुंबाचा लाभ आमच्या विभक्त राहणाऱ्या मित्रांस नाहीं.

आतां मूळ प्रसंग. काशीस पोंचल्याच्या चौथ्या दिवशीं रत्नागिरीहून आमच्या चुलत बंधूंचा फोन आला. वडिलोपार्जित जमिनीच्या वारसनोंदीचा अर्ज दुसऱ्या दिवशीं तलाठ्याकडे द्यावयाचा होता, आणि त्यासाठीं वंशावळ हवी होती. ती आम्हीं वडिलांच्या टिपणांवरून तयार केलेली, आणि होती त्याच संगणकांत. आम्ही घाटाच्या पायरीवर बसलों, गुप्त संख्या घातली, आणि घरचा पडदा आमच्या तळहातावर उघडला. त्यावर एक अर्धवट लिहिलेलें पत्र होतें.

आमची दृष्टि पहिल्या दोन ओळींवरून गेली. पत्र सूनबाईचें आहे, खाजगी आहे आणि आमच्यासाठीं नाहीं, हें कळावयास तेवढ्या पुरे होत्या. तिसऱ्या ओळीचा आरंभही आम्हीं पाहिला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. मग आम्हीं संबंध तोडला.

पुढील दहा मिनिटें आम्ही गंगेकडे पाहत होतों, पण गंगा दिसत नव्हती. घर आमचें, संगणक आमचा, काम निकडीचें. पत्र बाजूस सारून वंशावळ काढून घ्यावी, कोणास कळणार? तिला सांगून उगीच संकोचांत कां पाडावें? न सांगणें हीच दया, असेंही मनानें जवळजवळ ठरविलें. परंतु आम्हीं सारा जन्म शाळेंत काढलेला. शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेंत डोकावणारे विद्यार्थी हेंच सांगत, “नजर सहज गेली, सर!” आम्हीं घरीं फोन लाविला.

“सूनबाई, मघाशीं आम्ही संगणकावर आलों होतों. तुझें पत्र उघडें होतें. दोन ओळी वाचल्या गेल्या.”

पलीकडून बराच वेळ शब्द आला नाहीं. मग ती म्हणाली, “मामंजी, मी तेथेंच बसलें होतें. बाण आपोआप हालतांना पाहिला. वाटलें, आतां तुम्ही सगळें वाचणार.”

हें वाक्य आम्हांस अद्याप आठवतें.

पत्रांत काय होतें तें येथें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परत आल्यावर तिनें आपण होऊन आम्हांस तें सांगितलें. प्रस्तुत लेखही तिला दाखवूनच धाडीत आहों. तिनें एक वाक्य खोडावयास लाविलें, तें खोडलें आहे.

आम्ही घरचे असून ही गत. मग परक्यास ही किल्ली देण्याची गोष्टच नको. बँकेचा किंवा फोन कंपनीचा माणूस म्हणवून कोणी फोन करतो, एखादें असेंच साधन उतरवून घ्यावयास सांगतो, आणि त्यावर आलेले अंक विचारतो. अंक सांगितले कीं आपला मोबाईल त्याच्या हातीं गेला. रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्येंच या फसवणुकीविषयीं बँकांस सावध केलें होतें. तरीही माणसें फसतात. तसें घडल्यास विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

घरीं आल्यावर नातवानें संगणकावर प्रत्येकाचें निराळें खातें केलें. उठतांना विंडोजची कळ आणि ‘एल’ एकदम दाबली कीं पडद्यास कुलूप लागतें. मग बाहेरून येणाऱ्यास नुसतें दार दिसतें. हें पूर्वींच करावयाचें होतें. मात्र कुलूप आहे म्हणून आम्हीं फोन करणें सोडलेलें नाहीं. मध्यंतरीं नाशकास असतां संगणकांत शिरण्यापूर्वीं घरीं फोन लाविला, तर आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच खरोखरीचा ठसका लागला. सूनबाई हसून म्हणाली, “ऐकूं आलें, मामंजी. या आंत.”

वंशावळ त्या दिवशीं तिनेंच रत्नागिरीस धाडली. धाडण्यापूर्वीं तींत आमच्या दोन्ही आत्यांचीं नांवें नाहींत, हें तिच्या लक्षांत आलें. तीं घातल्यावांचून वारसांची यादी पुरी होत नव्हती.