न वाचता दिलेला निकाल

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नववीच्या मुलींना एकच काम दिलं होतं. कोणतंही एक पुस्तक वाचा आणि तुम्हाला काय वाटलं ते पानभर लिहा. उर्दूत लिहा, नाहीतर मराठीत. अटी दोन होत्या. गाईडमधून उतरवायचं नाही आणि 'हे पुस्तक सर्वांनी अवश्य वाचावे' या वाक्याने शेवट करायचा नाही.

शाळा उघडली, वह्या आल्या. बहुतेकींनी थोर माणसांची चरित्रं घेतली होती आणि शेवटी 'अवश्य वाचावे' लिहिलंच होतं. सवय लवकर जात नाही. एका मुलीने मात्र दादांच्या लोखंडी पेटीत सापडलेल्या, पानं पिवळी पडलेल्या इब्ने सफींच्या एका कादंबरीवर लिहिलं होतं. तिच्या म्हणण्याचा सारांश असा: इम्रान मूर्ख असल्याचं सोंग करतो, म्हणून लोक त्याच्यासमोर खरं बोलून जातात. आमचे मामू पण असेच आहेत. शेवट मला आवडला नाही, कारण गुन्हा कोणी केला ते कळलं, पण का केला ते लेखकाने घाईत उरकलं.

मी एकवीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते. एवढा खरा अभिप्राय मला वर्गात क्वचितच मिळाला असेल. पण ती वही माझ्याआधी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या हाती पडली होती. त्यांनी लाल शाईत शेरा मारला होता: असली पुस्तके वाचू नयेत, दर्जेदार साहित्य वाचावे. मुलगी माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, दर्जेदार म्हणजे कोणतं? आणि सरांनी हे वाचलंय का?"

मी सरांना विचारलं. त्यांनी वाचलं नव्हतं.

माझं भांडण त्या एका शेऱ्याशी नाही. न वाचता निकाल देण्याची सवय आपल्या सगळ्यांना लागली आहे, माझं भांडण तिच्याशी आहे.

आधी 'दर्जा'बद्दल बोलू. इब्ने सफी, म्हणजे असरार अहमद, यांची पहिली जासूसी कादंबरी 'दिलेर मुजरिम' १९५२ च्या मार्चमध्ये अलाहाबादहून निघाली. त्याच वर्षी ते कराचीला गेले. १९५५ पासून 'इम्रान सीरिज' सुरू झाली. 'जासूसी दुनिया' आणि 'इम्रान' मिळून त्यांनी अडीचशेच्या आसपास पुस्तकं लिहिली. सुरुवातीच्या काही कथानकांवर इंग्रजी कादंबऱ्यांचं ऋण आहे हे त्यांनी स्वतःच मान्य केलं होतं. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना ती वाचली गेली. शाळेत फार न टिकलेल्या माणसांनी वाचली. माझे अब्बा लूमवर रात्रपाळी करत. त्यांची उर्दू मदरशात सुरू झाली आणि पक्की झाली ती कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद यांच्या सोबतीने. सकाळी ते झोपले की मी उशीखालून पुस्तक काढून गोधडीत शिरायची. माझं उर्दूचं पहिलं प्रशिक्षण तेच. बी.एड. फार नंतर आलं.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांचंही असंच झालं. हजारावर रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यामुळे कितीतरी मराठी घरांत वाचनाची गोडी लागली. पण वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला किती ओळी येतात? उर्दूतही तेच. पाठ्यपुस्तकात गझल हवी, अफसाना हवा, जासूसी नॉवेल नको. मात्र शम्सुर रहमान फारुकी यांच्यासारख्या उर्दूतल्या फार मोठ्या समीक्षकाला 'जासूसी दुनिया'तल्या चार कादंबऱ्यांचा इंग्रजी अनुवाद करताना कमीपणा वाटला नाही. २०११ मध्ये ते अनुवाद छापून आले. फारुकी साहेबांना जे वर्ज्य नव्हतं, ते आमच्या शिक्षकांच्या खोलीत वर्ज्य आहे.

आता दुसरी गोष्ट. त्याच मुलीच्या मैत्रिणीला हिंदीत छापलेली एक जुनी प्रत मिळाली. ती वर्गात म्हणाली, "मॅडम, यात फरीदी नाहीये, विनोद आहे. पण हमीद हमीदच आहे." तिचं निरीक्षण बरोबर होतं. हिंदी आवृत्त्यांत फरीदीचा विनोद झाला होता आणि इम्रानचा राजेश. वर्गात चर्चा पेटली. एक म्हणाली, साहेब विनोद आणि हाताखालचा हमीद, हे मुद्दाम केलंय. दुसरी म्हणाली, नाही, दोघं जिवाभावाचे साथी आहेत, हे तर छानच आहे. तिसरी म्हणाली, नाव बदलूनही लोकांना तोच माणूस आवडला ना, मग नाव बदललंच कशाला?

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि मी ते देऊही नये. ज्याला तुम्ही टाकाऊ पुस्तक म्हणता, त्याने चौदा वर्षांच्या मुलींना एका तासात ओळख, बाजारपेठ आणि दोस्ती या तिन्ही विषयांवर बोलतं केलं. बी.एड.ला आम्ही पाठ-टाचणात 'रसग्रहण' हे उद्दिष्ट रोज लिहायचो. ते प्रत्यक्षात कसं दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची. चांगली रहस्यकथा वाचकाला एक शिस्त लावते. पहिल्या प्रकरणात ज्याच्यावर बोट दाखवलं जातं, तो बहुधा गुन्हेगार नसतो. त्याचा चेहरा, त्याचा धंदा, त्याचं नाव हा पुरावा नव्हे. पुरावा जमेपर्यंत थांबावं लागतं. मी मालेगावची. आमच्या शहरात ही शिस्त म्हणजे नुसती करमणूक नाही. २००६ च्या स्फोटांनंतर ज्या मुस्लिम माणसांना पकडलं, त्यांना न्यायालयाने आरोपमुक्त करायला २०१६ उजाडलं. ती वर्षं त्यांना कोण परत देणार? पहिल्या प्रकरणातच निकाल लावणारी माणसं काय करू शकतात, हे ज्यांनी भोगलंय, त्यांनी तरी 'आधी पुरावा, मग निकाल' ही शिकवण उचलून धरायला हवी. सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करायला आणि संशयापासून दूर राहायला सांगितलंय, हे आपण जलशांत ऐकतोच.

आणि पुस्तकांच्या बाबतीत आपण काय करतो?

आमच्याकडे महिन्यातल्या एका रविवारी काही शिक्षक, एक-दोन वकील, एक औषध दुकानदार, काही गृहिणी अशी पुस्तकांवर बोलायची बैठक असते. मागे मी हमीद दलवाईंची 'इंधन' सुचवली. १९६५ ची कादंबरी. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या गावी परतलेला आजारी माणूस आणि त्याच्या डोळ्यांसमोर पेटत गेलेलं गाव. त्या रविवारी अकरा जण आले. नऊ जण तावातावाने बोलले. वाचून आलेले दोघंच होते. बोलणं सगळं १९६६ च्या मोर्चावर आणि सत्यशोधक मंडळावर झालं. दलवाईंची सगळी मतं मलाही पटत नाहीत. काही ठिकाणी ते आपल्याच माणसांवर अन्याय करतात असं मला वाटतं. पण कादंबरीतला तो गाव, ती माणसं, घरातलं ते अवघडलेपण, यावर कोणीच का बोललं नाही? लेखकाशी भांडण होतं म्हणून त्याचं पुस्तक न उघडताच परत केलं गेलं.

'इंधन'चे लेखक चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्याच चिपळूण भागातून आलेले रहमान अब्बास उर्दूत लिहितात. त्यांची 'नख़लिस्तान की तलाश' २००४ मध्ये आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि २०१६ मध्ये ते निर्दोष सुटले. पुस्तक आवडलं नाही तर मोठ्याने सांगावं, लिहावं, खोडून काढावं. तो वाचकाचा हक्कच आहे. पण वाचकाचा अभिप्राय कोर्टात जाऊन उभा राहिला की साहित्याचं बोलणं संपतं. पुढे त्यांच्याच 'रोहज़िन' या कादंबरीला २०१८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यात मुंबई आहे, पाऊस आहे आणि कोकणातून आलेला असरार नावाचा तरुण आहे. असरार म्हणजे रहस्यं. इब्ने सफींचंही खरं नाव तेच. मला हा योगायोग आवडतो. रहस्य फक्त जासूसी कादंबरीत असतं असं थोडंच आहे? आजच्या माणसाच्या मनातलं रहस्य उलगडायला आजची कादंबरी लागते.

पण आपण समकालीन कादंबरी उघडतो ती एकाच प्रश्नाने: यात आपली बदनामी तर नाही ना? हा प्रश्न हवेतून आलेला नाही. मराठी कादंबऱ्यांतला मुसलमान कितीदा तरी खलनायक असतो, नाहीतर देवमाणूस. साधा, रिक्षाच्या भाड्यावरून भांडणारा, मुलीच्या फीची काळजी करणारा माणूस फार कमी वेळा भेटतो. त्यावर आपण बोललंच पाहिजे. पण तो एकच प्रश्न घेऊन वाचलं तर आपण वाचक राहत नाही, चौकीवरचे शिपाई होतो.

बाहेरच्या मंडळींनाही दोन शब्द. एका शिबिरात मी एका ताज्या मराठी कादंबरीच्या रचनेबद्दल बोलत होते. निवेदक खोटं बोलतोय हे मला कुठे कळलं, ते सांगत होते. संयोजकांनी मला थांबवून विचारलं, "मॅडम, मुस्लिम स्त्री म्हणून तुम्हाला या कादंबरीबद्दल काय वाटलं?" त्या कादंबरीत एकही मुस्लिम पात्र नव्हतं. मला काय वाटलं तेच तर मी सांगत होते! आम्हाला खून कोणी केला हे ओळखायला आवडतं. आम्हीही कंटाळवाणी प्रकरणं उडवतो. प्रत्येक पुस्तकाबद्दल समाजाचं निवेदन देण्याचं काम आमच्यावर टाकू नका.

तुम्ही म्हणाल, मग काय मुलांच्या हाती वाट्टेल ते द्यायचं? नाही. रहस्यकथेच्या नावाखाली बाईच्या उघड्या शरीराचं मुखपृष्ठ विकणारी पुस्तकंही निघाली आहेत. काही इतकी वाईट लिहिलेली असतात की कागदाची कीव येते. पण हे सांगायला ती आधी पाहावी लागतात. वाईट का आहे ते मुलांना उदाहरणासह दाखवावं लागतं. लाल शाईचा शेरा हे काम करत नाही. त्याने मूल वाचायचं थांबत नाही, वाचलेलं आपल्याला सांगायचं थांबतं. हे नुकसान मोठं आहे.

दुसऱ्यांवर एवढी बोटं दाखवली, आता स्वतःबद्दल. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या लेखकाने मला कादंबरी भेट दिली. मी पन्नास पानांच्या पुढे गेले नाही. प्रकाशनाच्या दिवशी माइक हातात आल्यावर 'अत्यंत वाचनीय' म्हणाले. टाळ्या झाल्या. जेवताना ते लेखक जवळ आले आणि म्हणाले, "शेवट पटला का हो? त्यावरच मी वर्षभर अडलो होतो." मला शेवट माहीतच नव्हता. मी मान हलवली. न वाचता केलेली निंदा आणि न वाचता केलेली स्तुती, दोन्हींत फसवणूक सारखीच असते. त्या माणसाला एका खऱ्या वाचकाची गरज होती आणि मी त्याला एक विशेषण दिलं. नंतर मी ती कादंबरी संपवली, त्यांना फोन केला आणि शेवट का पटला नाही ते सांगितलं. ते अर्धा तास बोलले. नाराज झाले नाहीत.

आपल्या प्रत्येक तालीमी जलशाची सुरुवात 'इक़रा' या शब्दाने होते. शब्द म्हणजे 'वाच'. मंचावरून तो उच्चारणाऱ्यांना मी अदबीने विचारते, जनाब, गेल्या वर्षात तुम्ही कोणतं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंत? आणि त्याबद्दल घरात कोणाशी भांडलात का?

आमच्या रविवारच्या बैठकीत आता मी एक नियम मांडला आहे. वाचलं असेल त्याने बोलायचं, वाचलं नसेल त्याने ऐकायचं आणि चहा करायचा. पहिल्या महिन्यात चहा खूप झाला. गेल्या महिन्यात कमी झाला.

त्या मुलीच्या वहीतला लाल शेरा मी खोडला नाही, कारण सहकाऱ्याचा मान ठेवायला हवा. त्याच्या खाली हिरव्या शाईत एवढंच लिहिलं: शेवट घाईत उरकलाय हे तुझं म्हणणं मला पटलं. तू असतीस तर गुन्ह्याचं कारण काय ठेवलं असतंस, ते लिहून आण.

तिने सात पानं लिहून आणली आहेत. ती वही मी आमच्या सरांच्या टेबलावर ठेवली आहे. त्यांनी आधी वाचावी. मग जो शेरा मारायचा तो खुशाल मारावा.