लीजची गाडी आणि किलोमीटरचा हिशेब

गाडी कर्जाने घ्यावी की लीजवर, हा प्रश्न हल्ली आपल्या सगळ्यांच्याच कार्यालयांत वारंवार येतो. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा लीज कंपनीचे कोटेशन असते, त्यावर मासिक भाड्याचा आकडा ठळक छापलेला असतो, आणि त्याला आपल्याकडून एकच गोष्ट हवी असते: ‘यात टॅक्स किती वाचेल?’ आपण कर सल्लागार असल्याने उत्तरही तेवढेच देतो. भाडे खर्चात टाकता येईल, टक्केवारी अमुक, बचत तमुक. जो माणूस वर्षाला तीस हजार किलोमीटरच्या वर गाडी चालवतो त्याला असे उत्तर देणे म्हणजे त्याचे नुकसान करणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा हिशेब करापासून सुरूच होत नाही, गाडीच्या मीटरपासून सुरू होतो.

नाशिकचा एखादा द्राक्षबागांचा सल्लागार डोळ्यांसमोर आणा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी सुरू झाली की सकाळी दिंडोरी, दुपारी निफाड, दोन दिवसांनी तासगाव, तिथून पंढरपूर. माल खाली होईपर्यंत गाडीला उसंत नाही आणि एप्रिलमध्ये खरड छाटणीला पुन्हा तीच धावपळ. वर्षाचे पस्तीस हजार किलोमीटर सहज होतात, आणि त्यातला शेवटचा पट्टा नेहमी मळ्याच्या वाटेवरचा असतो. असा अशील चार मीटरच्या आतली डिझेल गाडी घ्यायला निघाला आहे, ऑन रोड किंमत 14 लाख. लीज कंपनी म्हणते, महिन्याला 32,000 रुपये, चार वर्षे. जीएसटी, विमा, देखभाल सगळे त्यातच. पहिली मोठी रक्कम भरायची नाही. अट एकच: वर्षाला 20,000 किलोमीटर, त्यापुढे किलोमीटरला 8 रुपये अधिक जीएसटी. हे आकडे मी उदाहरणापुरते धरले आहेत. आपल्यासमोर जे कोटेशन येईल त्यातले आकडे घालून हीच बेरीज करावी.

भाड्याचे 48 महिन्यांचे 15,36,000 रुपये. चार वर्षांत 1,40,000 किलोमीटर होणार, त्यातले 60,000 मर्यादेबाहेरचे. त्यांचे 4,80,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,66,400. एकूण 21,02,400. डिझेल सोडून किलोमीटरला 15 रुपये पडले. आता हीच गाडी 2 लाख पदरचे घालून आणि 12 लाखांचे कर्ज काढून घेतली, साडेनऊ टक्के व्याज, मुदत चार वर्षे. हप्ता साधारण 30,150 आणि एकूण व्याज 2,47,000 च्या आसपास. दुसऱ्या वर्षापासूनच्या विम्याला 1,05,000 धरा. देखभाल आणि टायर मिळून किलोमीटरला 2 रुपये, म्हणजे 2,80,000. चार वर्षांनी 1,40,000 किलोमीटर पळालेली गाडी विकून हात आखडूनच 5 लाख येतील असे मानू. सगळे मिळून 15,32,000, म्हणजे किलोमीटरला 11 रुपयांच्या आत. फरक साडेपाच लाखांहून अधिक आहे. कोटेशनमध्ये मात्र दोन्हींचा मासिक आकडा जवळपास सारखाच दिसत होता.

लीज कंपनीला सुरुवातीलाच पस्तीस हजारांची मर्यादा मागितली तर? मागितलीच पाहिजे. करार होण्याआधी वाढवलेली मर्यादा मागाहूनच्या जादा आकारापेक्षा जवळपास नेहमीच स्वस्त पडते. समजा, भाडे 40,000 झाले. तरी चार वर्षांचे 19,20,000 होतात, किलोमीटरला पावणेचौदा रुपयांच्या जवळ. अंतर कमी झाले, पण मिटले नाही. शिवाय चार वर्षांनी कर्जवाल्याकडे गाडी शिल्लक असते. तो ती आणखी दोन वर्षे हप्त्याविना चालवू शकतो आणि जास्त पळणाऱ्या माणसाची खरी बचत त्याच दोन वर्षांत होते.

असे का होते, हे अशिलाला समजावून सांगणे आपले काम आहे. गाडीचा सर्वांत मोठा खर्च तिच्या किमतीतली घट. ऑपरेटिंग लीजमध्ये ही घट लीज कंपनी आपल्या अंगावर घेते, आणि किती किलोमीटरपर्यंत घेते हे मर्यादेच्या कलमात लिहिलेले असते. त्यापलीकडची झीज ती जादा आकाराच्या रूपाने परत आपल्याच माथी मारते. म्हणजे ज्याची गाडी कमी पळते त्याला या करारात जोखमीपासून संरक्षण मिळते आणि ज्याची गाडी जास्त पळते तो संरक्षणाचे पैसे भरून जोखीमही स्वतःच उचलतो. फायनान्स लीजमध्ये चित्र वेगळे असते. तिथे मुदतीअखेर ठरलेल्या किमतीला गाडी वापरणाऱ्याकडेच यायची असते, त्यामुळे किलोमीटरची अट सहसा नसते. पण मग ते कर्जाचेच दुसरे रूप, आणि त्याची तुलना व्याजदराशी करायला हवी. कोटेशनवर नुसते ‘लीज’ एवढेच लिहिलेले असते. दोहोंतले कोणते, हे विचारल्याशिवाय मत देऊ नये.

आता कराकडे येऊ. सर्वांत आधी पाहायचे ते हे की अशील अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत आहे का. 1961 च्या कायद्यातले कलम 44 एडीए घ्या किंवा 2025 च्या कायद्यातली त्याची जागा घेणारी तरतूद घ्या, एकूण जमेच्या निम्मे उत्पन्न धरले की सगळा खर्च त्यात आला. भाडे वेगळे वजा होत नाही, घसाराही नाही. डॉक्टर, वास्तुविशारद, अभियंते यांच्यापैकी कितीतरी जण या योजनेत असतात आणि ‘लीजने टॅक्स वाचतो’ हे त्यांना कोणीतरी शोरूममध्येच सांगितलेले असते. त्यांच्यासाठी ही बचत शून्य आहे. अगदी शून्य. हे त्यांना आपण सांगायचे नाही तर कोणी सांगायचे?

जे हिशेबाच्या वह्या ठेवतात त्यांना भाड्याची पूर्ण वजावट मिळते, धंद्यासाठीच्या वापरापुरती. स्वतःच्या गाडीवर घसारा, व्याज, विमा आणि देखभाल मिळते. लीजच्या बाजूने एक प्रामाणिक मुद्दा इथे मांडावा लागतो. घसाऱ्याचा दर 15 टक्के, तोही घटत्या शिलकीवर. 14 लाखांची गाडी चार वर्षांनी वहीत 7,30,809 रुपयांना उभी राहते. पस्तीस हजारांच्या चालीने पळालेल्या गाडीला बाजारात तेवढे मिळत नाहीत. म्हणजे प्रत्यक्ष झीज पुढे आणि वजावट मागे अशी स्थिती होते, आणि लीजमध्ये ही अडचण नसते. पण हा फक्त वेळेचा फरक आहे, त्यातून साडेपाच लाख भरून निघत नाहीत. इलेक्ट्रिक गाडीला तर घसाराच 40 टक्के, त्यामुळे तीच 14 लाखांची गाडी चार वर्षांत 1,81,440 वर येते आणि हा मुद्दा तिथे उलटतो. लीजवरच्या गाडीचा घसारा कोणाचा, याची चर्चा आता उरलेली नाही. आयसीडीएस लिमिटेडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो लीज कंपनीला दिला आहे. म्हणून भाडेही टाकू आणि घसाराही घेऊ, असा हट्ट धरणाऱ्या अशिलाला वेळीच थांबवावे.

जीएसटीचे क्रेडिट कलम 17(5) मुळे दोन्हीकडे बंद. भाड्यावरचा दर गाडीच्या विक्रीला असतो तोच. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांना 18, मोठ्यांना 40, इलेक्ट्रिकला 5 टक्के. मोठी एसयूव्ही असेल तर किलोमीटरला 8 रुपयांचा जादा आकार 11 रुपये 20 पैसे होतो, हे अशिलाच्या सहसा लक्षात येत नाही. शिवाय कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही. लीजच्या भाड्यात मुरलेल्या व्याजावर मात्र तो लागतो.

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघालाच आहे तर बॅटरीच्या भाड्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे, कारण तिथे किलोमीटर उघड्यावर मांडलेले आहेत. सप्टेंबर 2024 मध्ये एमजी विंडसर आली तेव्हा बॅटरीशिवाय 9.99 लाख आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये अशी योजना होती. बॅटरीसकट किंमत साधारण साडेतेरा लाख जाहीर झाली. फरक साडेतीन लाखांचा, म्हणजे बरोबर एक लाख किलोमीटरचे भाडे. हे साडेतीन लाख नऊ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जाने उभे केले तर व्याजासह 4,36,000 होतात. तरी सव्वा लाख किलोमीटरला दोन्ही बाजू समान होतात. वर्षाला आठ हजार चालवणाऱ्या निवृत्त गृहस्थाला भाड्याची बॅटरी परवडेल. आपला द्राक्ष सल्लागार साडेतीन वर्षांत ती सीमा ओलांडतो आणि त्यानंतरचा प्रत्येक किलोमीटर त्याला तोट्याचा.

कराराचा मसुदा मागवून घेतलात तर तीन जागी थांबा. मर्यादा दर वर्षाची स्वतंत्र की संपूर्ण मुदतीची एकत्र? हंगामी धंद्यात एखादे वर्ष अवकाळीने बागा बसल्या की कमी जाते. एकत्र मर्यादा असेल तर ते उरलेले किलोमीटर पुढे वापरता येतात. देखभालीत टायरचे किती संच धरले आहेत? चाळीस-पन्नास हजारांत टायर जातात, त्यामुळे 1,40,000 ला निदान दोन वेळा बदलावे लागतात आणि करारात एकच संच असला तर दुसरा स्वतःच्या खिशातून. तिसरी जागा परत करतेवेळच्या तपासणीची. ‘सामान्य झीज’ कशाला म्हणायचे याचा लेखी तक्ता मागा. खडीच्या रस्त्यावर खालून घासलेला पत्रा आणि खडे बसलेली पुढची काच लीज कंपनीच्या माणसाला सामान्य वाटेलच असे नाही.

तरीही लीज योग्य ठरते असे लोक आहेत. नोकरदाराला मालकाने दिलेल्या लीजच्या गाडीचे सवलत मूल्य नियमांनी ठरते आणि ते प्रत्यक्ष खर्चापेक्षा बरेच कमी असते. तिथे करबचत खरी आहे. मात्र नोकरी सुटली तर कराराचे काय, हे त्याच्या नेमणूक पत्रासोबत वाचावे. वीस-पंचवीस गाड्या फिरवणाऱ्या औषध वितरण कंपनीला मर्यादा सगळ्या गाड्यांमध्ये मिळून मिळाली, तर जास्त पळणारी आणि कमी पळणारी गाडी एकमेकींना सांभाळून घेतात. एकट्या व्यावसायिकाला ही सोय नसते.

शेवटी, ज्यांचा करार आधीच झाला आहे आणि मीटर मर्यादेच्या पुढे धावत आहे त्यांच्याबद्दल. जादा किलोमीटरचा हिशेब बऱ्याच करारांत मुदतीअखेर होतो, म्हणून तो तीन वर्षे वहीत दिसतच नाही आणि चौथ्या वर्षी एकदम उभा राहतो. आपल्या उदाहरणात दर वर्षी 1,41,600 रुपयांचे देणे साचत जाते. 31 मार्चला मीटरचे छायाचित्र घेऊन फाइलला लावा, मर्यादेपलीकडचे किलोमीटर काढा आणि व्यापारी पद्धतीने वह्या ठेवणाऱ्या अशिलाच्या हिशेबात त्या वर्षाची तरतूद करा. देणे करारातून निर्माण झालेले आहे आणि रक्कम मोजता येते, त्यामुळे ती वजावटीसाठी मागण्याची बाजू भक्कम आहे. त्याच दिवशी लीज कंपनीला पत्र पाठवून उरलेल्या मुदतीसाठी मर्यादा वाढवून मागा. दुसऱ्या वर्षी मागणी केली तर बोलणी होऊ शकतात. सत्तेचाळिसाव्या महिन्यात फक्त बिल येते.