गेटवरचा वॉचमन पुरेसा नाही

होस्टेलच्या गेटवर वॉचमन असला तरी आपण रूमला कुलूप लावतोच ना? अमेरिकन सरकारला हे उमगायला वेळ लागला. २०१५ मध्ये तिथल्या कर्मचारी खात्यातून सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. चोर शिरले ते कंत्राटदाराच्या लॉगिनने! त्यात ५६ लाख जणांचे बोटांचे ठसेही गेले. पासवर्ड बदलता येतो, बोटं कशी बदलणार?

जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या केंद्रीय खात्यांना ‘झीरो ट्रस्ट’चा आदेश मिळाला. आतला असो वा बाहेरचा, दरवेळी ओळख तपासा आणि कामापुरतंच दार उघडा. काहींना हा कर्मचाऱ्यांवरचा अविश्वास वाटतो. मला नाही पटत. लॉगिन चोरीला गेलं की पहिला संशय निरपराध माणसावरच येतो. ही तपासणी त्यालाच वाचवते!