हरवलेला ‘सावकारी पाश’ आणि सुप्याचा वारसा

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२५ मध्ये काढलेला ‘सावकारी पाश’ हा मूकपट आज उपलब्ध नाही. खोट्या कागदाच्या जोरावर सावकार जमीन बळकावतो, कुटुंबाची वाताहत होते आणि तरुण शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार बनतो, असे त्याचे कथानक होते. शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची होती. देवादिकांच्या चमत्कारांनी पडदा व्यापलेला असताना कुणब्याचे दैन्य त्यावर आणणे हे धाडसच होते.

या कथेची पाळेमुळे बारामती-इंदापूरच्या मातीत सापडतात. ब्रिटिशांच्या नव्या जमीन महसूल पद्धतीचा प्रयोग १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात झाला. तीस वर्षांची मुदत संपताच तेथेच साऱ्यात मोठी वाढ करण्यात आली. दरम्यान अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव कडाडले, पत वाढली आणि कर्जेही वाढली. युद्ध थांबताच भाव कोसळले. कर्ज मात्र उरले. सातासमुद्रापलीकडच्या युद्धाची किंमत दख्खनच्या कोरडवाहू घरांनी मोजली. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दर तीन वर्षांनी रोखा नवा होऊ लागला आणि व्याज मुद्दलात मिसळू लागले.

१२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे उठावाची ठिणगी पडली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत रयतेने सावकारांकडील रोखे व खतपत्रे हिसकावून जाळली. तिचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कारण गळ्यातला फास कागदाचाच होता. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. चित्रपटातील शेतकरी एकटा नाडला जातो आणि एकटाच गाव सोडतो. सुप्याची रयत एकत्र उभी राहिली. करुणा जागविणे हे कलेचे सामर्थ्य खरे, परंतु कायदा बदलला तो संघटित कृतीने. म्हणून चित्रपट गौण ठरत नाही. आयोगाचा अहवाल राज्यकर्त्यांनी लिहिला व जपला. शेतकऱ्याच्या बाजूने रंगविलेले चित्र मात्र आपण गमावले. नायट्रेटच्या फिती ज्वालाग्राही होत्या, चांदीसाठी त्या धुऊनही टाकल्या जात. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ मध्ये. तोवर मूकपटांच्या काळाचा बहुतांश ठेवा नष्ट झाला होता.

महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा करावा लागला, यावरूनच हा पाश केवळ इतिहासजमा झाला नव्हता हे उघड होते. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या जुन्या पेट्यांतील रोखे, छायाचित्रे, हस्तपत्रके आणि वृद्धांच्या आठवणी आताच गोळा केल्या पाहिजेत. जे कष्टकरी आपला पुरावा स्वतः जपत नाहीत, त्यांचा इतिहास सावकाराच्या चोपडीतूनच वाचला जातो.